हत्तीरोगाचे कृमी व शरीराचा संयम



शरीर हा एक किल्ला आहे, रोगजंतू हे त्यावर चालून येणारे शत्रू आहेत आणि रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे किल्ल्याच्या शिबंदीतील शिपाई होत, हे रूपक तुम्ही क्रमिक पुस्तकांतून अनेकवार वाचले असेल. रूपक चांगले आहे. गोवर, पडसे, इन्फ्लुएंझा यांसारख्या रोगांना ते बरेचसे लागूही पडते. शत्रू येतो, आठ-पंधरा दिवस झुंज चालते, ताप चढतो, ताप उतरतो आणि बहुधा शरीराचा जय होतो.

परंतु जो शत्रू शरीरात एकदा शिरला की सहा ते आठ वर्षे मुक्काम ठोकतो, जो किल्ला जिंकीतही नाही आणि सोडीतही नाही, त्याला हे रूपक कसे लागू करावयाचे? शिपाई झोपले आहेत काय? त्यांना शत्रू दिसत नाही काय? की पाहूनही ते स्वस्थ बसले आहेत? प्रस्तुत लेखक विज्ञानाचा शिक्षक नव्हे, भाषेचा आहे. तथापि एखादे रूपक कोठवर चालते आणि कोठे मोडते, हे पाहणे भाषेच्या शिक्षकाचेही कामच आहे. या लेखात हत्तीरोग, म्हणजे ज्याला डॉक्टर फायलेरिया म्हणतात, त्या एकाच रोगाचे उदाहरण घेऊन आपण हा विचार करू.

रोगाची जुनी ओळख

हत्तीरोगात पाय सुजतो, कातडी जाड व खरखरीत होते आणि अखेर पाय हत्तीच्या पायासारखा दिसू लागतो. पुरुषांना अंडवृद्धी होते. क्वचित हातही सुजतो. यान ह्युगेन व्हान लिन्स्कोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने हिंदुस्थानच्या दक्षिण भागात आढळणाऱ्या अशा पायांचे वर्णन केले आहे. सेंट थॉमसचा वध करणाऱ्यांच्या वंशजांना लागलेला हा शाप होय, अशी त्या वेळची लोकसमजूतही त्याने नोंदवून ठेविली आहे. शापाची ही कल्पना लक्षात ठेवा. रोगाचे कारण कळले नाही म्हणजे माणूस रोग्यालाच अपराधी ठरवितो, याचे ते चांगले उदाहरण आहे.

खरे कारण सापडावयास पुढे जवळजवळ तीनशे वर्षे लागली. १८६३ मध्ये पॅरिस येथे देमार्के यांना एका रोग्याच्या अंडवृद्धीतील द्रवात सूक्ष्म कृमी दिसले. १८६६ मध्ये ब्राझीलमधील बाहिया येथे वुखेरर यांना तेच कृमी मूत्रात आढळले. १८७२ मध्ये कलकत्त्याला टिमोथी लुईस यांनी ते माणसाच्या रक्तात पाहिले. ही सर्व पिलेच होती. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे जोसेफ बँक्रॉफ्ट यांना पूर्ण वाढ झालेला कृमी सापडला. वुखेरर व बँक्रॉफ्ट या दोघांच्या नावांवरून या कृमीला ‘वुखेरेरिया बँक्रॉफ्टी’ असे नाव मिळाले.

त्यानंतर १८७७ मध्ये चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी एक महत्त्वाचा शोध लावला. त्यांच्या माळ्याच्या रक्तात ही पिले होती. त्याला डास चाववून मॅन्सन यांनी ते डास तपासले, तेव्हा डासाच्या पोटात पिलांची वाढ होत असल्याचे त्यांना दिसून आले. माणसाच्या रोगाचा कृमी डासाच्या शरीरात वाढतो, हे प्रथमच सिद्ध झाले. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासात मलेरियाचे जंतू पाहिले ते १८९७ मध्ये, म्हणजे याच्या वीस वर्षांनंतर. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्याल्याने कृमी माणसाच्या पोटात जातात, असा मात्र मॅन्सन यांचा समज होता. पिले डासाच्या सोंडेत येऊन बसतात आणि चाव्याच्या वाटेने शिरतात, हे १९०० मध्ये कळले.

कृमीचा जीवनक्रम

डास चावतो तेव्हा कृमीची पिले त्याच्या सोंडेतून कातडीवर उतरतात आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरतात. तेथून ती लसिकावाहिन्यांत जातात. लसिका म्हणजे पेशींच्या भोवती झिरपणारा, पाण्यासारखा द्रव. तो गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या नाजूक नळ्या त्या लसिकावाहिन्या. त्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी लसिकाग्रंथी असतात आणि तेथे शरीराच्या रक्षक पेशींचा मोठा तळ असतो. पाहा, कृमीचे धाडस केवढे! तो घर करतो तेच मुळी शिपायांच्या छावणीच्या वाटेवर.

सहा ते बारा महिन्यांत पिलाचा पूर्ण वाढलेला कृमी होतो. मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब आणि पांढऱ्या दोऱ्यासारखी बारीक असते. नर सुमारे चार सेंटिमीटर भरतो. मादी आपल्या आयुष्यात लक्षावधी पिलांना जन्म देते. ही पिले रक्तात हिंडतात. गंमत अशी की, दिवसा ती फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री सुमारे दहा ते दोन या वेळात हातापायांच्या रक्तात येतात. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. चोराने गस्तीची वेळ साधावी, तशी ही वेळ या पिलांनी साधलेली आहे. डासाच्या पोटात दहा ते चौदा दिवस वाढल्याशिवाय या पिलांपासून नवा कृमी होत नाही. म्हणून माणसाच्या अंगात जितके मोठे कृमी असतील, तितके सारे बाहेरून डासाच्या मार्फतच आलेले असतात. एका-दोन चाव्यांनी सहसा काही होत नाही. वर्षानुवर्षे चावे बसावे लागतात. बहुतेकांना हा प्रसाद बालपणीच मिळतो, रोग मात्र पुष्कळ वर्षांनी दिसतो.

शरीराचे पहिले उत्तर

सामान्य जंतूला पांढरी पेशी गिळून टाकते. येथे तो उपाय चालत नाही. पांढऱ्या पेशीच्या व्यासाच्या मानाने मादी कृमी सहा-सात हजार पट लांब असतो. पेशीच्या जागी माणूस कल्पिला, तर समोरचा प्राणी दहा-बारा किलोमीटर लांब होईल. पणजीत शेपूट ठेवून तो जवळजवळ म्हापशापर्यंत पोहोचेल. असल्या प्राण्याला गिळणार कोण?

म्हणून शरीर दुसरी युक्ती योजते. रक्षक पेशींत ‘सहायक टी-पेशी’ नावाचा एक वर्ग आहे. त्या स्वतः लढत नाहीत. कोणते सैन्य बोलवावयाचे याचे हुकूम सोडतात. हे हुकूम म्हणजे इंटरल्युकिन वगैरे नावांची रासायनिक द्रव्ये. पेशीच्या आत लपणाऱ्या विषाणूसाठी व जीवाणूसाठी एका तऱ्हेचे हुकूम सुटतात आणि कृमींसाठी दुसऱ्या तऱ्हेचे, ही गोष्ट मॉसमन व कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींवरून दाखवून दिली.

कृमींसाठी सुटणाऱ्या हुकुमांनी दोन गोष्टी घडतात. पहिली, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. इओसिन या तांबड्या रंगाने यांचे कण रंगतात, म्हणून हे नाव. १८७९ मध्ये पॉल एर्लिक यांनी त्या ओळखल्या. निरोगी माणसाच्या शंभर पांढऱ्या पेशींत या साधारण एक ते पाच असतात. कृमी झाले की त्यांची संख्या पुष्कळ वाढते आणि म्हणूनच रक्ततपासणीच्या कागदावर डॉक्टर हा आकडा आवर्जून पाहतात. दुसरी गोष्ट, ‘आयजी-ई’ नावाची प्रतिपिंडे तयार होतात. प्रतिपिंड म्हणजे विशिष्ट शत्रूलाच चिकटणारे प्रथिन. आयजी-ई कृमीच्या पिलाला चिकटले की त्या खुणेवर इओसिनोफिल येऊन बिलगतात आणि आपल्याजवळचे विषारी कण त्याच्या अंगावर ओततात. गिळता येत नाही, तर घेरून जाळावयाचे, असा हा डाव आहे.

आतड्यातील जंतांच्या बाबतीत शरीराला आणखी एक सोय असते: चिकट स्राव वाढवून आणि आतड्याची हालचाल वाढवून त्यांना बाहेर ढकलता येते. लसिकावाहिनीत राहणाऱ्या कृमीला बाहेर काढावयास दारच नाही. तेथे मारणे किंवा सोसणे, दोनच मार्ग उरतात.

शरीराचा संयम

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हल्ल्याची अशी सिद्धता असूनही कृमी वर्षानुवर्षे जगतो कसा?

हत्तीरोगाच्या प्रदेशात अशी असंख्य माणसे असतात, की त्यांच्या रक्तात रात्री हजारो पिले हिंडत असतात, पण त्यांना ना ताप, ना सूज. त्यांचे रक्त तपासून शास्त्रज्ञांनी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. या माणसांच्या टी-पेशींसमोर प्रयोगशाळेत या कृमीचे अंश ठेविले, तर त्या थंड राहतात. ओळख नाही म्हणून त्या थंड राहतात असेही नाही. कारण इंटरल्युकिन-१० नावाचे एक द्रव्य निष्प्रभ केले की त्याच पेशी काहीशा जाग्या होतात. म्हणजे शिपाई झोपलेले नसून त्यांना ‘थांबा’ असा हुकूम आहे.

हा हुकूम देणाऱ्यांत ‘नियामक टी-पेशी’ प्रमुख आहेत. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी दाखवून दिल्या. या विषयावरील कार्याबद्दल त्यांना मेरी ब्रुन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासमवेत २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्षकांनी आपल्याच घरावर शस्त्र उगारू नये, हे पाहणे या पेशींचे नेहमीचे काम. कृमी त्यांचाच आश्रय घेतो. त्याच्या अंगातून पाझरणारी कित्येक द्रव्ये अशी आहेत, की त्यांच्यामुळे शरीर लढाईचा जोर कमी करते. काही द्रव्ये तर शरीराच्या स्वतःच्या निरोपांची हुबेहूब नक्कल असतात. शत्रूने राजाची मोहोर चोरून खोटी आज्ञापत्रे काढावीत, तसा हा प्रकार आहे.

थांबविणाऱ्या या द्रव्यांच्या प्रभावाने प्रतिपिंडांतही बदल होतो. अशा माणसांत ‘आयजीजी-४’ नावाचे प्रतिपिंड फार वाढते. एरवी हे रक्तात अगदी थोडे असते. ते कृमीच्या अंशांना चिकटते खरे, पण सैन्याला हाक मारण्याचे सामर्थ्य त्याच्यात फार कमी असते. उलट आयजी-ईची जागा अडवून ते त्यालाही काम करू देत नाही. धारदार तलवारीच्या जागी म्यानात बोथट तलवार येऊन बसते.

तुम्ही म्हणाल, शरीर फसले. ते खरे आहे. परंतु ते अर्धेच सत्य आहे. सोसण्यात शरीराचाही काही लाभ आहे. दहा सेंटिमीटरचा कृमी नाजूक नळीच्या आत विष ओतून जाळावयाचा म्हणजे ती नळीही जळणार. रोगापेक्षा उपाय जालीम, असे व्हावयाचे. जो शत्रू बाहेर काढता येत नाही, त्याच्याशी अष्टौप्रहर युद्ध चालू ठेवल्यास शत्रूबरोबर किल्लाही ढासळेल. म्हणून शरीर व कृमी यांच्यात एक अबोल तह होतो. आई कृमीग्रस्त असेल तर तिच्या मुलात हा सोशिकपणा जन्माआधीच रुजू शकतो आणि पुढे त्याला कृमींची बाधा अधिक सहज होते, असेही संशोधनात दिसून आले आहे.

तह मोडतो तेव्हा

आता या रोगातील सर्वांत विलक्षण गोष्ट ऐका. ज्याचा पाय हत्तीसारखा झाला आहे, त्याच्या रक्तात बहुधा पिले सापडतच नाहीत. ज्याच्या रक्तात पिलांची जत्रा भरलेली असते, तो धडधाकट दिसतो. कृमीच सारे नुकसान करीत असता, तर ज्याच्या अंगी कृमी अधिक त्याला रोग अधिक, असे झाले असते. तसे होत नाही. याचा अर्थ, पुष्कळसे नुकसान शरीराच्या प्रत्युत्तरातून होते.

काही माणसांत संयम टिकत नाही. दाह निर्माण करणाऱ्या टी-पेशींचा जोर वाढतो. कृमी मरतो, तेव्हा त्याच्या अंगातील सर्व द्रव्ये एकदम बाहेर पडतात. त्यांत आणखी एक गुपित आहे. या कृमीच्या शरीरात वॉलबाखिया नावाचे जीवाणू राहतात; कृमीलाही त्यांच्यावाचून चालत नाही. परोपजीवीच्या पोटातही भाडेकरू! कृमी मेला की हे जीवाणू उघड्यावर येतात आणि त्यांना पाहून शरीराचा कोप अनावर होतो. लसिकावाहिनी सुजते, फुगते, तिच्यातील झडपा निकामी होतात. मग लसिका पुढे सरकत नाही, पायातच साचते. साचलेल्या जागी कातडीवरील भेगांतून साधे जीवाणू शिरतात, वारंवार हुडहुडी भरून ताप येतो आणि प्रत्येक तापागणिक पाय अधिक जाड होतो.

याहूनही निराळा तिसरा प्रकार आहे. काहींचे शरीर पिलांवर इतके चवताळते, की ती फुप्फुसातच मारली जातात. अशा रोग्याला रात्री खोकला व धाप लागते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये इओसिनोफिल एरवी पाचशेच्या आत असतात, ते येथे तीन हजारांच्या वर जातात. दमा किंवा क्षय समजून अशा रोग्यांवर भलतेच उपचार होत असत. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी हिंदुस्थानातील रोग्यांच्या अभ्यासावरून या विकाराला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिले. त्याचे मूळ हत्तीरोगाच्या कृमीत असल्याचे पुढे निश्चित झाले.

एकाच कृमीला तीन माणसांची शरीरे तीन उत्तरे देतात. पहिला सोसतो आणि निरोगी दिसतो, दुसऱ्याचा कोप लसिकावाहिन्यांवर निघतो, तिसऱ्याचा फुप्फुसावर. माणसाच्या स्वभावाविषयी जे आपण नित्य पाहतो, तेच येथे पेशींच्या पातळीवर दिसते: अतिक्रोध घरच जाळतो.

मग सोसणारा तरी सुखी म्हणावा काय? तेही नाही. ध्वनिलहरींच्या यंत्राने, म्हणजे सोनोग्राफीने, अशा ‘निरोगी’ माणसांच्या लसिकावाहिन्या पाहिल्या, तेव्हा त्याही फुगलेल्या आढळल्या आणि आत जिवंत कृमी वळवळताना दिसले. शिवाय पिलांची जत्रा त्याच्याच रक्तात असल्यामुळे सारे डास त्याच्याकडूनच शिदोरी घेऊन शेजाऱ्यांकडे जातात. त्याचे शरीर सोसते. त्याची किंमत मात्र दुसऱ्या कोणाला तरी भरावी लागते.

औषध आणि शरीर यांची जोडी

या कृमींवर डायएथिलकार्बामाझिन हे औषध १९४७ पासून ज्ञात आहे. ते ज्या प्रयोगशाळेत सापडले, तेथील संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. अमेरिकेत राहून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले.

या औषधाचा स्वभाव आपल्या विषयाशी फार जवळचा आहे. काचेच्या बशीत पिले ठेवून त्यांवर हे औषध टाकले, तर ती सहजासहजी मरत नाहीत. तेच औषध माणसाने घेतले, की थोड्याच वेळात रक्तातील पिले दिसेनाशी होऊ लागतात. याचे कारण, औषध एकटे लढत नाही. शरीराच्या रक्षक पेशींना ते पुन्हा लढाईला उभे करते आणि मारण्याचे काम मुख्यतः शरीरच करते.

यावरून आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो. सामुदायिक औषधवाटपात गोळ्या घेतल्यावर काहींना ताप येतो, डोके दुखते, अंग मोडून येते. मग गावात बोलणे होते, “धडधाकट माणूस, गोळी घेतली आणि आजारी पडला!” खरी गोष्ट अशी की, ज्याच्या रक्तात पिले अधिक, त्यालाच हा त्रास अधिक होतो. मेलेल्या पिलांवर शरीराचा तो क्षणिक कोप असतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत शमतो. त्या तापाने गोळी वाईट ठरत नाही. गोळीची त्या माणसाला गरज होती, हेच त्यावरून बहुधा दिसून येते. त्रास अधिक वाटल्यास आरोग्यसेवकास कळवावे, हे मात्र विसरू नये.

भारतात हत्तीरोगाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम १९५५ मध्ये सुरू झाली. २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत सर्वांना वर्षातून एकदा औषध देण्याचा कार्यक्रम चालू झाला. २०१८ पासून काही जिल्ह्यांत तीन औषधे एकत्र दिली जाऊ लागली. त्यांपैकी आयव्हरमेक्टिन या औषधाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कँबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व अतिशय आजारी माणसे यांना या वाटपातून वगळतात. वर्षानुवर्षे गोळ्या का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कृमीच्या आयुष्यात आहे. गोळ्यांनी पिले मरतात, मोठे कृमी मात्र पुष्कळसे वाचतात. म्हणून मोठे कृमी वार्धक्याने मरेपर्यंत, रक्त दरवर्षी पिलांपासून मोकळे ठेवावे लागते. डासाला पिले मिळाली नाहीत, की साखळी तुटते.

ही साखळी तुटू शकते, हे इतर देशांनी दाखवून दिले आहे. ज्या चीनमध्ये मॅन्सन यांनी आपल्या माळ्याला डास चाववून घेतले, त्या देशात २००७ मध्ये हा रोग सार्वजनिक प्रश्न म्हणून संपुष्टात आला. तेथे मिठातूनही हे औषध देण्यात आले होते. श्रीलंकेने २०१६ मध्ये आणि बांगलादेशाने २०२३ मध्ये हे यश मिळविले. भारताने त्यासाठी २०२७ हे वर्ष डोळ्यांपुढे ठेविले आहे. महाराष्ट्रात पूर्व विदर्भातील आणि कर्नाटकात कलबुर्गी, बिदर या बाजूच्या जिल्ह्यांतील लोकांना हा रोग चांगला परिचयाचा आहे. तेव्हा हे काम कोणा परक्याचे नव्हे.

दूरवरचे परिणाम

कृमी शरीराला जे ‘थांबा’ शिकवितात, ते त्यांच्यापुरतेच राहत नाही. आफ्रिकेतील गॅबॉन येथे शाळकरी मुलांवर केलेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्तातील एका वेगळ्या कृमीची बाधा असलेल्या मुलांत धुळीतील किड्यांविषयीची ॲलर्जी कमी आढळली, आणि तेथेही इंटरल्युकिन-१० चा संबंध दिसला. यावरून कृमींची अंडी देऊन काही दाहक विकार बरे करावेत, असाही प्रयत्न झाला. मोठ्या चाचण्यांत त्याला यश आले नाही. उलट बाजूही आहे. जंत असलेल्या माणसांचे शरीर लसीलाही कधी कधी मंद उत्तर देते; इथिओपियात जंतांचे औषध दिल्यानंतर बीसीजी लशीला मिळणारा प्रतिसाद सुधारलेला दिसला. ज्याला नको तेथे गप्प बसावयास शिकविले, तो हवे तेथेही गप्प बसतो.

आपल्या हातचे

हत्तीरोगावर माणसासाठी लस अद्याप निघालेली नाही. पण जे करावयाचे, त्यातील बरेचसे साधे आहे. गटार तुंबू देऊ नये, शौचटाकीच्या वाफनळीला जाळी लावावी, मच्छरदाणी वापरावी. आपल्या गावात गोळ्या वाटावयास आरोग्यसेवक आले तर ‘मला कोठे काय झाले आहे?’ असे न म्हणता त्यांच्यासमोरच घ्याव्यात. कारण आपण पाहिलेच की, या रोगात काही झालेले नसणे हीच कधी कधी बाधेची खूण असते.

ज्याचा पाय आधीच सुजला आहे, त्याचा पाय गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. तथापि साबण व स्वच्छ पाण्याने पाय रोज धुणे, बोटांमधील जागा कोरडी ठेवणे, भेगांवर मलम लावणे, बसताना पाय वर ठेवणे आणि जोडा वापरणे एवढ्या गोष्टींनी तापाचे झटके पुष्कळ कमी होतात व सूज वाढणे थांबते. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया होते. अशा माणसाला शिवल्याने, त्याच्या शेजारी बसल्याने हा रोग लागत नाही. किंबहुना त्याच्या रक्तात बहुधा पिले नसतातच. ज्या पायाकडे पाहून लोक बाजूला सरकतात, त्या पायापासून कोणाला धोका नाही. धोका असलाच तर तो सरकून बसणाऱ्याच्याच रक्तात असू शकेल.

लिन्स्कोटेनच्या काळी लोक या पायाला शाप म्हणत. शाप कोणी दिला नव्हता. एका परोपजीवी कृमीने तहाचा फायदा घेतला आणि शरीराने कधी फार सोसले, कधी फार कोप केला, एवढीच ती कथा आहे. किल्ल्याचे आपले रूपक आता पुरे करून घ्यावयाचे तर असे म्हणावे लागेल: चांगला किल्लेदार तो, की ज्याला तोफ केव्हा डागावी हे कळते, तसेच केव्हा डागू नये हेही कळते, आणि किल्ल्याबाहेरची वाट बंद करणे हे मात्र गावातील सर्वांचे काम आहे.

विचार करण्यासारखे प्रश्न

१. रक्तात पिले असलेला माणूस निरोगी का दिसतो?

२. पांढऱ्या पेशी कृमीला गिळू शकत नाहीत. मग त्या काय करतात?

३. गोळी घेतल्यावर आलेला ताप कशाचे लक्षण आहे? घरातील वडील माणसांना हे आपल्या शब्दांत समजावून सांगा.

४. आपल्या घरापासून शाळेपर्यंत क्युलेक्स डास वाढतील अशी पाणी साचण्याची ठिकाणे किती आहेत, ती मोजून वर्गशिक्षकांना दाखवा.